पत्रकातलं एक वाक्य

गेल्या जानेवारीत आपल्या मराठी वाङ्मय मंडळाची एक दिवसाची सहल अणशीच्या जंगलात गेली होती. तुमच्यातले बरेच जण त्या बसमध्ये होतेच, त्यामुळे सहलीचा अहवाल मी लिहीत नाही. मला लिहायचंय ते त्या सहलीच्या पत्रकाबद्दल. ते पत्रक मी लिहिलं होतं.

कुणाला आठवत नसेल तर सांगते. हिरव्या कागदाची एक घडी होती. वर धनेश पक्ष्याचं चित्र, खाली वेळापत्रक, 'पाण्याची बाटली सोबत आणावी', 'पांढरे किंवा भडक कपडे टाळावेत' वगैरे सूचना. आणि आत पहिलंच वाक्य : 'मानवाचा स्पर्श न झालेलं आदिम अरण्य आणि निसर्गरम्य सुपा जलाशय यांच्या सहवासात एक दिवस!'

हे वाक्य मला फार आवडलं होतं. खरं सांगायचं तर ते पूर्णपणे माझं नव्हतं. इंटरनेटवर जंगलाबद्दल इंग्रजीत जे काही सापडतं त्यात 'अनटच्ड', 'प्रिस्टीन', 'व्हर्जिन' हे शब्द दर दोन ओळींना येतात. मी त्यांना मराठी कपडे घातले. सरांनी वाचून 'छान जमलंय' म्हटलं आणि पन्नास प्रती काढल्या.

सहलीच्या आदल्या रात्री तेर्स संपल्यावर मी ते पत्रक मांयला वाचून दाखवलं. मांय म्हणजे माझी आजी, पप्पांची आई. घरात आम्ही सगळे कोंकणी बोलतो, पण मांयला मराठी वाचलेलं ऐकायला आवडतं. तिचे डोळे आता अधू झालेत, त्यामुळे मासिकं, मिस्सापत्र, लग्नाच्या पत्रिका, सगळं मीच वाचते. पत्रकही मी मोठ्या ऐटीत वाचलं. मांयनं पूर्ण ऐकून घेतलं. मग जपमाळ डबीत ठेवता ठेवता शांतपणे विचारलं, "मागीर आमी कोण?"

मग आम्ही कोण?

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा काय बोलावं सुचेना. पत्रकं छापून झाली होती, आणि मांय दिवा मालवून झोपायला गेली होती.

मांय सुप्याची. हे मला लहानपणापासून माहीत आहे. पण 'मांय सुप्याची' हे मला जसं माहीत होतं तसंच 'सुपा जलाशय' हेही माहीत होतं, आणि या दोन्हींतलं सुपा एकच आहे हे डोक्यात कधी जोडलंच गेलं नव्हतं. ऐकायला विचित्र वाटेल, पण तसंच होतं. एक सुपा मांयच्या बोलण्यातलं होतं, दुसरं गुगल मॅपवरचं निळं.

मांयचं सुपा काळी नदीच्या काठी होतं. तालुक्याचं ठिकाण होतं ते. आजही जुनी माणसं जोयडा तालुक्याला सुपा तालुका म्हणतात. तिथे माझ्या आजोबांची पावाची भट्टी होती. उंडे, पाव आणि सणाला काकणं. आजूबाजूच्या वाड्यांवरची कुणबी माणसं बाजाराच्या दिवशी डोक्यावर ओझी घेऊन यायची आणि परत जाताना पाव न्यायची. मग धरण आलं. १९७४ मध्ये काम सुरू झालं आणि १९८७ मध्ये पूर्ण झालं. भिंतीची उंची १०१ मीटर. सुपा गाव आणि आजूबाजूची गावं पाण्याखाली गेली. पुष्कळ लोकांना रामनगरला वसवलं. आमची माणसंही आधी रामनगरला गेली. तिथे भट्टी काही चालली नाही, म्हणून आजोबा बेळगावला कॅम्पात एका बेकरीत कामाला लागले आणि आम्ही बेळगावचे झालो. पप्पा तेव्हा दुसरीत होते. सुप्याहून निघताना आजोबांनी भट्टीचं लोखंडी दार काढून आणलं होतं. ते आजही आमच्या परसात पाण्याच्या टाकीवर झाकण म्हणून आहे. मी रोज ते उचलून पाणी काढते.

आणि मी लिहिलं होतं, 'निसर्गरम्य सुपा जलाशय'.

पहाटे साडेपाचला कॉलेजच्या गेटवरून बस सुटली. खानापूर येईपर्यंत बाहेर नुसतं धुकं. मागच्या सीटवर गाण्यांच्या भेंड्या सुरू झाल्या. लोंढ्याच्या पुढे उजाडलं. रामनगरला नाश्त्याला थांबलो तेव्हा मी उगाच रस्त्यावरच्या म्हाताऱ्या माणसांकडे बघत होते. यातलं कुणी मांयला ओळखत असेल का? विचारावंसं वाटलं, पण विचारलं नाही. मैत्रिणी म्हणाल्या, "काय बघालीस गं एवढं? इडली थंड होतेय."

जगलबेटला आमचे गाईड चढले. पन्नाशीचे असतील. खाकी शर्ट, गळ्यात दुर्बीण, पायात साध्या रबरी चपला. त्यांनी ड्रायव्हरशेजारच्या खुर्चीवर बसून माईक हातात घेतला, दोनदा फुंकर मारली आणि आधी कन्नडमध्ये, मग आमचे चेहरे बघून मराठीत नियम सांगितले. गाणी बंद. खिडकीतून काही टाकायचं नाही. माकडांना खायला द्यायचं नाही. जिथं सांगेन तिथंच उतरायचं. आणि शेवटी म्हणाले, "वाघ दिसंल असं मी सांगत नाही. वाघाला तुम्ही दिसाल, एवढं नक्की."

सगळे हसले. सरांनी त्यांच्या हातात आमचं पत्रक दिलं. मी तिसऱ्या सीटवर होते, मला त्यांचा चेहरा नीट दिसत होता. त्यांनी चष्मा काढून पत्रक सावकाश वाचलं, ओठ हलवत. मग चार घड्या घालून खिशात ठेवलं. काही बोलले नाहीत.

त्यांचं सांगणं मात्र ऐकत राहावं असं होतं. आपण ज्याला नुसतं 'अणशीचं जंगल' म्हणतो ते खूप मोठ्या पट्ट्याचा भाग आहे. दांडेलीचं अभयारण्य १९५६ सालचं, अणशीचं राष्ट्रीय उद्यान १९८७ चं. दोन्ही मिळून २००७ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला आणि २०१५ मध्ये नदीवरून त्याला 'काळी व्याघ्र प्रकल्प' हे नाव मिळालं. क्षेत्रफळ तेराशे चौरस किलोमीटरच्या वर. इथे काळा बिबट्या आहे, नागराज आहे, गवे आहेत.

त्यांनी '१९८७' म्हटल्यावर मी दचकले. धरण पूर्ण झालं ते वर्ष. म्हणजे एकाच वर्षी इकडे एक गाव पाण्याखाली कायमचं गेलं आणि शेजारी राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं. मी पत्रक लिहिताना दोन्ही साल वाचले होते. दोन वेगळ्या परिच्छेदांत लिहिलेही होते.

गणेशगुडीजवळ धरण दिसतं तिथे बस थांबली. दहा मिनिटं फोटोसाठी. खरं सांगते, पाणी सुंदर होतं. जानेवारीत धरण भरलेलं असतं. निळंशार पाणी, त्यात उतरलेले हिरवे डोंगर, वर एक घार. सगळ्यांचे सेल्फी चालले होते. "ए, तू पण ये की," म्हणून मला ओढलं. त्या फोटोत मी हसतेय. हा फोटो तुम्ही ग्रुपवर पाहिला असेल. मी तेव्हा मनात हिशेब करत होते की भट्टी कुठल्या बाजूला असेल. नदीच्या अलीकडे की पलीकडे? मांय नेहमी म्हणते, 'देगेर', काठावर. पण कुठल्या नदीचा काठ? आता तिथे काठच नाही.

जोयडा मागे टाकून बस कुंबारवाड्याच्या पुढे गेली आणि जंगल खरोखर दाट झालं. दुपार असून बसमध्ये अंधारल्यासारखं झालं. गाईडनी हात वर केला, ड्रायव्हरनं बस थांबवून इंजिन बंद केलं. पहिली दोन मिनिटं काहीच नाही. मग वरून आवाज आला, कुणी मोठ्या पंख्यानं वारा घालावा तसा. दोन धनेश आमच्या डोक्यावरून गेले. पंखांचा आवाज बसच्या आतसुद्धा ऐकू येत होता. चाळीस-पंचेचाळीस मुलं आणि एकाच्याही तोंडून शब्द नाही, असं मी वर्गात कधी पाहिलेलं नाही.

गाईड हळू आवाजात सांगत होते. आता यांचे विणीचे दिवस सुरू होतील. मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि ढोलीचं तोंड आतून लिंपून घेते. एक बारीक फट तेवढी ठेवते. पिल्लं मोठी होईपर्यंत नर त्या फटीतून तिला फळं भरवतो. नर मेला तर आतली सगळीच संकटात. "आणि वर्षानुवर्षं त्याच झाडाकडं येतात हे पक्षी. म्हणून म्हातारं झाड पाडलं की आमचा जीव खालीवर होतो. झाड दुसरं मिळतंय, ढोली मिळत नाही."

अणशीला पोचलो. डबे उघडले. जेवण झाल्यावर सगळे शेकरू बघायला झाडाखाली जमले. खरंच दिसलं, तांबड्या-काळ्या अंगाचं, शेपूट झाडावरून पदरासारखी सोडलेलं. मी थोडी मागे राहिले होते. गाईडदादा चहाचा ग्लास घेऊन कट्ट्यावर बसले होते. त्यांनी खिशातून पत्रक काढलं आणि मला विचारलं, "हे तुम्ही लिहिलंय काय?"

माझं नाव खाली छापलेलं होतं, त्यामुळे नाही म्हणता येईना.

"चांगलं लिहिलंय," ते म्हणाले. "फक्त एक सांगतो, रागवू नका. माझं घर आत आहे. सहा-सात मैल. माझा आजा तिथंच जन्मला. स्पर्श झाला नाही म्हणता, मग मी कोण?"

चोवीस तासांच्या आत तोच प्रश्न दुसऱ्यांदा. या वेळी मी पळू शकले नाही. मी त्यांना सगळं सांगितलं. मांय, सुपा, भट्टी, पाव. सांगताना मराठीवरून कोंकणीवर कधी आले ते मलाच कळलं नाही. तेही त्यांच्या कोंकणीत बोलायला लागले. ती आमच्यापेक्षा वेगळी, पण समजत होती. त्यांनी चहा खाली ठेवला. म्हणाले, त्यांची आई सुप्याच्या बाजाराला जायची, कणगं आणि इतर कंद विकायला. येताना पाव आणायची. तो पाव कुणाच्या भट्टीतला ते त्यांना कसं माहीत असणार? मलाही माहीत नव्हतं. पण आम्ही दोघंही थोडा वेळ त्या पावाबद्दल विचार करत गप्प बसलो.

मग त्यांनी आपल्या गावाची गोष्ट सांगितली. व्याघ्र प्रकल्पाच्या आतल्या लोकांना बाहेर जायचं असेल तर सरकार कुटुंबामागे पंधरा लाख रुपये देतं. जबरदस्ती नाही, अर्ज करणाऱ्यालाच मिळतात. त्यांच्या वाडीतली काही घरं गेली. मी विचारलं, "तुम्ही जाणार?"

मी हा प्रश्न विचारताना मनात उत्तर तयार ठेवलं होतं. ते म्हणतील, मरेन पण जंगल सोडणार नाही. असं म्हणाले असते तर माझा लेख तिथेच लिहून झाला असता.

ते म्हणाले, "पोरगा जाऊया म्हणतो. त्याचं चूक नाही. पावसात वाट बंद होते. मागच्या साली सून बाळंतपणाला अडली, खुर्चीला बांबू बांधून रस्त्यापर्यंत आणली. शाळा लांब. बापूस नको म्हणतो. मी मधे. अर्ज भरून ठेवलाय, सही केली नाही."

"पण तुम्ही तर या जंगलाचेच..."

"म्हणून तर," ते म्हणाले. "जंगल राहायला पाहिजे, हे मला तुम्ही सांगायची गरज नाही. एकाच नदीवर सहा धरणं झाली, ती आम्ही बांधली नाहीत. दांडेलीच्या कागद कारखान्याला इथला बांबू गेला, तो आम्ही नेला नाही. आम्ही कंद काढतो तेव्हा वरचा तुकडा परत मातीत पुरतो. पुढच्या साली यायला पाहिजे ना? पण कागदावर कोण लिहितं? जो लांबून येतो तो." मग स्वतःच हसले. "तुम्ही लांबच्या नाही म्हणा. तुमचं चुकलं ते इसरून लिहिलं म्हणून."

विसरून. हा शब्द मला लागला. त्यांनी तो रागानं वापरला नव्हता, म्हणून जास्त.

परतीच्या वाटेवर सूर्य डोंगराआड जात होता. जोयडा सोडल्यावर सरांनी नेहमीसारखं 'कुणाला मनोगत व्यक्त करायचंय?' असं विचारलं. नेहमीसारखं कुणीच उठलं नाही. मी उठले. माईक हातात घेतल्यावर पाय लटपटायला लागले. वक्तृत्व स्पर्धेत माझी बक्षिसं आहेत, पण तिथे पाठ केलेलं असतं.

मी म्हटलं, पत्रकाचं पहिलं वाक्य चुकीचं आहे. मी चुकीचं लिहिलं. या जंगलाला माणसाचा स्पर्श झालेला आहे, आणि त्यातली काही माणसं अजून आत राहतात. त्यांतले एक सकाळपासून आपल्याला जंगल दाखवतायत. आणि ज्या पाण्यासमोर आपण फोटो काढले त्याच्या खाली माझ्या आजीचं घर आहे.

एवढंच बोलले. दोन-तीन मिनिटं झाली असतील. मला वाटलं होतं काहीतरी होईल. तसं फार काही झालं नाही. चार-पाच टाळ्या पडल्या. मागच्या सीटवर कुणीतरी झोपलं होतं. सर म्हणाले, "हे लिहून दे गं मासिकाला." शेजारच्या मैत्रिणीनं माझा हात धरला आणि विचारलं, "मग मघाशी फोटोत हसलीस कशी?" त्याचं उत्तर मला अजून देता आलेलं नाही. पाणी सुंदर होतं आणि मी हसले. दोन्ही खरं आहे.

गाईड जगलबेटला उतरले. उतरताना त्यांनी बसच्या दारातून मला हाताने खूण केली आणि खिशातलं पत्रक दाखवलं. ते त्यांनी टाकलं नव्हतं. मी खिडकीतून ओरडून म्हटलं, "दादा, सुधारून पाठवते!" बस सुटली. पाठवणार कुठे, पत्ता मी विचारलाच नव्हता.

घरी पोचायला दहा वाजले. मांय जागी होती. मम्मी म्हणाली, "झोप म्हटलं तर ऐकत नाही, तुझी वाट बघत बसलीय." मी तिला मोबाईलवर धरणाचे फोटो दाखवले. माझा सेल्फी मी पुढे सरकवून टाकला आणि नुसतं पाणी असलेला एक फोटो मोठा करून तिच्या डोळ्यांजवळ धरला. तिनं मोबाईल हातात घेतला, खूप वेळ बघितला. तिला त्यात किती दिसलं कोण जाणे. मग तिनं एका जागी बोट टेकवलं.

"हांगा," ती म्हणाली. इथे.

बोट टेकल्याबरोबर स्क्रीन हलली आणि फोटो सरकला. तिच्या बोटाखाली आता डोंगर आला होता. "खंय गेलें?" ती गोंधळून म्हणाली. मी फोटो परत जागेवर आणला. तिनं पुन्हा बोट ठेवलं, तो पुन्हा सरकला. शेवटी मी तिचं मनगट धरलं आणि तिचं बोट काचेच्या किंचित वर धरून ठेवलं. तसं केल्यावर फोटो हलला नाही. तशीच ती सांगत राहिली, ही भट्टी, ही मामलेदार कचेरीची वाट, हा क्रूस, इथे आजोबा पाव मोजून द्यायचे. मी ऐकत राहिले. बाहेर परसात भट्टीचं दार टाकीवर होतं.

दुसऱ्या दिवशी मी कॉम्प्युटरवर ते पत्रक पुन्हा उघडलं. पुढच्या वर्षीच्या सहलीला कुणाला लागलं तर म्हणून पहिलं वाक्य बदलून ठेवलंय. आता ते असं आहे : 'काळी नदीच्या खोऱ्यातलं, माणसांनी राहून जपलेलं जंगल आणि जिथे पूर्वी सुपा गाव होतं तो जलाशय.' सरांना ते थोडं लांब वाटतं. मांयला वाचून दाखवलं, तेव्हा ती म्हणाली, "पावाचें बरोवंक ना?" पावाचं लिहिलं नाहीस?

ते इथे लिहिलं.